पूर्वी आया पालथं निजवायच्या

"पूर्वी आया बाळांना पालथं निजवायच्या," नर्स म्हणाली आणि तिनं चीझ रोलचा दुसरा घास घेतला.

मी हातात किटली धरून उभी होते. बाकी काहीच झालं नाही. म्हणजे किटली पडली नाही, कुणी ओरडलं नाही, आमच्या इन्व्हरकार्गिल शहराचा दक्षिणवारा खिडकीवर जसा सकाळपासून आपटत होता तसाच आपटत राहिला. जोडीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोण्याच्या डबीशेजारी नर्सनं आणलेली प्लॅस्टिकची बाहुली उताणी पडली होती. बाळ कसं निजवायचं हे दाखवायला. खरं बाळ, माझी नात टेसा, दहा आठवड्यांची, जोडीच्या मांडीवर जागी होती आणि स्वतःच्या मुठीशी भांडत होती. ब्रिजेट नावाची ती नर्स सव्वीस-सत्तावीसची असेल. बूट दाराबाहेर काढून मोज्यांनी आत आली, चीझ रोलची तारीफ केली, मला 'नोलीन' म्हणाली. पोरगी चांगलीच होती, मला आवडलीही होती. आणि मग तिनं उचलली जीभ लावली टाळ्याला. पूर्वी आया बाळांना पालथं निजवायच्या. जणू काही आम्हा सगळ्या जणींच्या डोक्यात एके सकाळी आपोआपच आलं, की चला, आजपासून पोरांना तोंडावर निजवू या.

मी चहा ओतला. चौतीस वर्षांपूर्वीचा एक हात मला दिसत होता. स्वच्छ, नखं कापलेला, साबणाचा वास येणारा. तेव्हाच्या नर्सचा, मिसेस सिंक्लेअरचा. छोटी पांढरी गाडी आमच्या फाटकाशी लावून ती दर गुरुवारी यायची, माझ्या पहिल्या बाळाला, डॅरिलला, कापडाच्या झोळीत घालून काट्याला टांगायची, वजन वहीत लिहायची. आम्हा पोरसवदा बायकांना तिचा असा धाक, की ती यायच्या आधी मी खिडक्यांच्या काचासुद्धा पुसायचे. डॅरिल कॉटमध्ये उताणा होता. तिनं जिभेनं 'च्च' केलं आणि तव्यावरचा पॅनकेक उलटावा तसं त्याला सराईतपणे उलटं केलं. "उताणं ठेवाल तर दूध घशात जाईल आणि गुदमरेल तो, मिसेस टेट. पालथं. नेहमी पालथं. बघा, झोपही गाढ लागते." आणि खरंच, गाढ लागली की! आधी तासातासाला उठणारं पोर सलग चार तास झोपायला लागलं. मी शेजारणीला सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं. मला तेव्हा कुठं ठाऊक, की गाढ झोप हाच घात आहे. श्वास अडला की माणसाला दचकवून जागं करणारा मेंदूत म्हणे एक कोपरा असतो, काही बाळांचा तो अजून तयार झालेला नसतो, आणि ज्याला जागच येत नाही ते पोर तोंड खुपसलेलं असताना तसंच पडून राहतं. हे सगळं नंतर कळलं. कळलं म्हणजे काय, अजूनही ते लोक 'बहुधा' म्हणतात. कारण नक्की सांगता येत नाही म्हणतात. कारण सांगता येत नाही, पण कुणाकुणाचं चुकलं याची यादी मात्र त्यांच्याजवळ छापील तयार असते.

आणि ते कातडं. डेस, माझा नवरा, गावाबाहेरच्या मांस कारखान्यात कातड्यांच्या विभागात होता. दिवसाला हजारो कोकरांची कातडी त्याच्या हाताखालून जायची. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून तो एक शोधत होता. शेवटी फेब्रुवारीत त्याला मनासारखं मिळालं. दाट, मऊ, एकही काटा नाही, एकही डाग नाही. त्यानं ते स्वतः कमावून घेतलं, मागच्या न्हाणीघरात सात वेळा धुतलं, कुत्र्याच्या फणीनं विंचरलं. एवढा राक्षसासारखा गडी, पण लोकर विंचरताना जीभ बाहेर काढून बसायचा. आमच्याकडे प्रत्येक बाळाखाली कोकराचं कातडं असायचंच, त्याशिवाय दक्षिणेतला हिवाळा निघणार कसा? पण डेसचं कातडं म्हणजे त्याचा अभिमान. मिसेस सिंक्लेअरनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, असं मला माझ्यासाठीसुद्धा मिळालं नाही कधी." डेस कानापर्यंत लाल झाला. त्या लोकरीत, पालथं, आमचा मुलगा अकराव्या आठवड्यात गेला.

जुलै होता, आमच्याकडचा ऐन हिवाळा. कारखाना हिवाळ्यापुरता बंद, म्हणून डेस घरी होता. सकाळचे नऊ वाजले असतील. मी मागच्या अंगणात लंगोट वाळत घालत होते, दोरीवर घातल्या घातल्या ते गारठून पुठ्ठ्यासारखे कडक होत होते, आणि मला त्याची गंमत वाटत होती. हे मला अजून सहन होत नाही, की त्या वेळी मला कशाची तरी गंमत वाटत होती. डेस दारात आला. त्याच्या बाहीला लोकरीचे तंतू चिकटले होते. त्यानंतर घरात माणसं आली, दोन पोलीस आले, टोप्या काढून. अगदी आदबीनं विचारलं, सिगरेट ओढता का? किती? रात्री भांडण झालं होतं का? हीटर किती वाजता लावला? सर्दी होती का? होती, थोडी होती. दिवसाला तीन सिगरेटी ओढत होते, तेही अंगणात. हीटर लावला होता, कारण बाहेर बर्फ होतं! एकानं ते कातडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. डेस म्हणाला, "सांभाळून हं," आणि मग त्याचं त्यालाच कळलं की तो काय बोलला. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, कारण सापडलं नाही. सासूबाईंना मात्र लगेच सापडलं. चहाचे कप विसळता विसळता मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "धुरांड्यात वाढलेलं पोर, दुसरं काय होणार?" मिसेस सिंक्लेअर आली, माझा हात हातात घेऊन रडली. "तुमचं काहीही चुकलं नाही," म्हणाली. खरंच रडली ती. मी तिला कधी वाईट म्हणू शकले नाही, आणि माझी खरी अडचण तिथंच आहे. राग धरायला समोर एक दुष्ट माणूस असता तर चौतीस वर्षं सोपी गेली असती.

मग सात वर्षांनी वर्तमानपत्रात आलं. पालथं निजवू नका. कोकराच्या कातड्यावर तर मुळीच नको. देशभर पोस्टर लागले, रेडिओवर एक गोड आवाजाची बाई सांगू लागली, आणि पोरं मरायची थांबली. सगळी नाही, पण अर्ध्याहून जास्त. पोरांना नुसतं उलटं करायचं होतं. औषध नाही, यंत्र नाही, हात लावून फक्त उलटं करायचं! मी ते वाचलं तेव्हा मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि मग मी वाट बघायला लागले. वाटलं, आता कुणीतरी येईल. पांढरी गाडी येईल, नाहीतर निदान पत्र येईल. 'मिसेस टेट, आम्ही तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं.' एवढंच. मुलगा परत द्या असं कुठं म्हणत होते मी? कुणीही आलं नाही. डेसनं ती बातमी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली, मागच्या दारानं बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत लाकडं फोडत राहिला. त्यानंतर आणखी अठरा वर्षं तो कातड्यांच्याच विभागात होता. दुसरं काम त्याला येत नव्हतं. मरायच्या आधी दवाखान्यात, औषधाच्या गुंगीत, त्यानं मला विचारलं, "नोल, ते मीच आणलं होतं ना?" काय सांगायचं अशा माणसाला?

"फॉर्म भरून टाकू या का?" ब्रिजेट म्हणाली. सोमवारपासून जोडी आपलं केस कापायचं दुकान पुन्हा उघडणार होती. स्वतःचं दुकान, बंद ठेवून किती दिवस चालणार? आठवड्यातले तीन दिवस टेसा माझ्याकडे राहणार असं ठरलं होतं. मी कॉट आणली होती, नवी, टणक गादीची, उशी नाही, दुलई नाही, सगळं त्यांच्या पत्रकाप्रमाणे. म्हणून माझीही माहिती हवी होती. घरात कुणी सिगरेट ओढतं? नाही, मी डॅरिलच्या अंत्यविधीच्या दिवशी सोडली. कुटुंबात पूर्वी असा बालमृत्यू? जोडीनं माझ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली, "माझा भाऊ. माझ्या जन्माच्या आधी." ब्रिजेटनं पेन खाली ठेवलं आणि चेहरा मऊ केला. तो मऊपणा त्यांना शिकवतात बहुतेक. "सॉरी, नोलीन. तुम्हाला त्या काळी ठाऊक नव्हतं. तुमचा दोष नाही." आणि पेन उचलून तिनं एका चौकोनात खूण केली. मी चष्मा लावून वाचलं. 'मातेची निजवण्याची पद्धत : पालथे.'

"ते खोड," मी म्हणाले.

"काय?"

"मातेची पद्धत नव्हती ती. तुमची होती. तुमच्या नर्सनं येऊन माझं उताणं पोर पालथं केलं, वर मला दम दिला. ते लिही."

"नोलीन, मी तेव्हा जन्मलेही नव्हते हो."

"अगं, तू गणवेश घातलायस ना? मग तू जन्मलेली होतीस! दुधाच्या बाटल्या उकळा म्हणून तुम्ही सांगितलंत ते तुमच्या शहाणपणात जमा, आणि पोरं मेली ती आयांच्या पद्धतीत जमा होय?"

"आई, जाऊ दे ना," जोडी म्हणाली.

"चौतीस वर्षं जाऊच देतेय."

"इथं नर्सच्या सल्ल्यासाठी चौकोनच नाही," ब्रिजेट म्हणाली. बिचारीचा आवाज बारीक झाला होता. तिनं कागद उलटसुलट करून खरोखरच शोधला. "असायला हवा होता," ती म्हणाली. मी तिला विचारलं, हे आता जे सांगतेस, उताणं निजवा, गादी टणक ठेवा, बाळ आपल्या खोलीत पण वेगळ्या बिछान्यात, हे उद्या चुकीचं निघालं तर माझ्या मुलीच्या दारात कोण येणार आहे? ती म्हणाली, "हे चुकीचं नाही, नोलीन." मला ठाऊक आहे ते चुकीचं नाही. आकडे मी तिच्यापेक्षा जास्त वाचलेत. पण मिसेस सिंक्लेअरसुद्धा अगदी याच आवाजात बोलायची.

मग जोडीनं विचारलं. टेसाला खांद्यावर घेऊन ती खिडकीशी उभी होती आणि माझ्याकडे न बघताच विचारलं तिनं. "आई, तू मला कसं निजवायचीस? मी शहाऐंशीची. म्हणजे ते पेपरात यायच्या पाच वर्षं आधीची."

असा साधा प्रश्न बत्तीस वर्षांत तिनं कधी विचारला नव्हता, आणि मी त्याला मुद्दाम वाट दिली नव्हती. पालथं बाळ बघितलं की माझे हात गार पडायचे. एवढंच होतं, त्यात काही शास्त्र नव्हतं. जोडी झाली तेव्हाही मिसेस सिंक्लेअरच येत होती आणि सांगत होती, पालथं, मिसेस टेट, मागचं ते निव्वळ दुर्दैव होतं, पुन्हा होत नाही तसं. मी 'हो' म्हणायचे. गुरुवारी सकाळी गाडीचा आवाज आला की पोरीला पालथी करायचे आणि गाडी गेली की उताणी. पाच महिने मी असं चोरासारखं वागले. एकदा तिला काहीतरी कुणकुण लागली, तिनं मला चांगलं फैलावर घेतलं. "एक गमावलंत, आता दुसऱ्याशी जुगार खेळताय?" तरी मी उताणीच ठेवली. कानाला खडा लावला होता, पण तोंडालाही कुलूप लावलं होतं. हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं. सांगता सांगता मला वाटलं, जोडी आता माझ्याजवळ येईल.

ती आली नाही. "म्हणजे तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"कळलं नव्हतं. वाटत होतं."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? जिचं पोर गेलंय तिचं ऐकतं कोण?"

"ग्लेनिस आंटीला? तिची मुलगी केव्हा गेली?"

अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये. आमच्या कुंपणापलीकडे, शेजारच्याच घरात. शेरिल तिचं नाव, तीन महिन्यांची होती, आणि मी तिच्यासाठी पिवळी टोपी विणली होती. टोपी देताना मी कॉटमध्ये पाहिलं होतं, पोर पालथं होतं, आणि माझे हात गार पडले होते, आणि मी म्हणाले, "किती गोड झोपलीय." याहून अवाक्षर नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. ग्लेनिसला नंतर मूल झालं नाही. आम्ही घर बदललं. दुकानात दिसली की दोघी मान हलवतो आणि आपापल्या रांगेत जातो. आणि मी, ती बातमी आल्यापासून सत्तावीस वर्षं, दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडतेय, की माझ्या दारात कुणी आलं नाही!

"सोमवारचं आपण नंतर बोलू, आई," जोडी म्हणाली. फार हळू म्हणाली. ब्रिजेट मोज्यांवरच उभी होती, तिला कुठं जावं कळत नव्हतं. पण मी कोट चढवला आणि जोडीला म्हणाले, मला ग्लेनिसकडे सोड. आत्ता. चालत गेले तर वाटेत माझा विचार बदलेल. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग टेसाचं सामान उचललं, निजवायची टोपली गाडीत घातली आणि गाडी काढली.

दार ग्लेनिसनंच उघडलं. केस पांढरे, पायात लोकरीच्या सपाता, हाताला बटाट्याची माती. "अगबाई," ती म्हणाली, "कोण मेलं?"

"कुणी नाही. ग्लेनिस, शेरिलच्या दोन वर्षं आधी मी माझ्या जोडीला उताणी निजवत होते. मला वाटत होतं की पालथं वाईट. तुला सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं." दारातच उभ्या उभ्या सांगितलं, आत जायच्या आधी. वाऱ्यामुळे ओरडून सांगावं लागलं.

ती हाताची माती एप्रनला पुसत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. तुझ्या खिडकीतून दिसायचं, कपडे वाळत घालताना."

"काय दिसायचं?"

"पोरगी उताणी. मी घाबरले. म्हटलं, या बाईचं एक गेलं, आता हिचं डोकं फिरलंय, दुसरंही घालवणार. सिंक्लेअरबाईला मीच सांगितलं, नोल. तुझ्या काळजीपोटी. तू मला सांगितलं असतंस ना, तरी मी तुझं ऐकलं नसतं. तिचंच ऐकलं असतं. आपण सगळ्या तिचंच ऐकत होतो." तिचा आवाज एकदम चढला. "इतक्या शहाण्या होतो आपण! आणि ते लोक नंतर मला काय म्हणाले माहितेय? मुलाखत घ्यायला आले होते, विद्यापीठातून. 'तुम्ही पालथं का निजवलंत?' मला विचारत होते! मी त्यांना चहासुद्धा दिला, मेल्यांना."

मी हसले. कसं कोण जाणे, पण हसले, आणि तीही हसली, आणि मग दोघींना ते आवरेना. जोडी मागं टेसाला घेऊन उभी होती. ग्लेनिसनं आम्हाला आत घेतलं, हात धुतले आणि पोर मागितलं. घेतली मांडीवर. तिला सवय नव्हती, कोपर अवघडून धरलं होतं, तरी टेसा तिथंच पेंगली. पाच मिनिटांत गाढ झोपली. ग्लेनिस घाबरून जोडीकडे बघायला लागली. "हिला ठेव बाई कुठंतरी. मी नाही ठेवणार."

जोडीनं टोपली सोफ्याशेजारी जमिनीवर ठेवली. मला वाटलं तीच उचलेल. ती बाजूला सरली. "आई, तू निजव," ती म्हणाली.

मी टेसाला घेतलं आणि उताणी ठेवली, पाय तळाशी, पांघरूण काखेखाली. तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर टाकले, एकदा ओठ हलवले आणि शांत झाली. जोडी सोफ्याच्या कडेला बसली. ग्लेनिस मात्र गुडघे धरत खाली जमिनीवर बसली, टोपलीच्या अगदी जवळ, आणि बघत राहिली. भुवया, पापण्या, अर्धवट उघडं तोंड. चहाचं पाणी उकळून उकळून निम्मं झालं तरी ती उठेना.

"अशी दिसतात होय झोपेत," ती म्हणाली. "मी शेरिलची नुसती मान बघितली गं."